पातेल्याच्या मापाची टोपी

देवाने हे जग बाहेर सोडण्यापूर्वी एकदा आमच्या मेहुण्याला दाखवायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. निदान डास, दाढदुखी आणि मार्च महिन्यातलं रेडमंड या तीन गोष्टी त्याच्या हातून पुढे सुटल्या नसत्या. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. रेडमंडमधल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि वर त्याबद्दल पगार घ्यायचा. नोकरी लागण्याआधी वीस-बावीस वर्षं तो हेच काम सांगलीत फुकट करत होता. याचा पहिला अनुभव मला, मुलगी पाहायला गेलो त्याच दिवशी आला. तेव्हा हा बारा वर्षांचा. हिने चहाचा ट्रे आणला, मी कप उचलला, एक घोट घेतला, आणि लक्षात आलं की चहात साखरेच्या जागी मीठ आहे. समोर भावी सासरे, सासूबाई, दोन मामेसासरे, आणि पडद्याखाली कुतूहलाने उभी असलेली पावलं. मी कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि "छान झालाय" म्हणालो. लगेच पडद्यामागून एक फुटक्या आवाजातला निकाल ऐकू आला, "ताई, हा माणूस काहीही सहन करेल. पास."

माझ्याबद्दल इतकं अचूक विधान त्यानंतर कुणी केलेलं नाही. भिडस्तपणा हा माझा जन्मरोग आहे. 'नाही' हा शब्द माझ्या घशात चिंचोक्यासारखा अडकतो, आणि मग त्या न उच्चारलेल्या 'नाही'ची रुखरुख मी वर्षानुवर्षं बाळगतो. मेहुण्याचं नेमकं उलट. मनात आलेलं त्याच्या तोंडाशी थांबतच नाही. तो अमेरिकेत आला आणि 'घर मिळेपर्यंत' म्हणून आमच्या वरच्या खोलीत राहिला. घरं त्याने पुष्कळ पाहिली. प्रत्येक घरात सगळे नळ एकदम सोडून, सगळे दिवे एकदम लावून, मग तो बाथटबमध्ये आडवा होऊन छताकडे पाहत बसे. दलालीणबाई बाहेर ताटकळत. एकही घर पास झालं नाही. हॉटेलात गेला की मेनूकार्डात नसलेला पदार्थ मागायचा, कारण, "असलेला पदार्थ कुणीही देईल दाजी, नसलेला मागितल्यावर माणूस कळतो." लिफ्टमध्ये शिरला की सगळी बटणं दाबायची. नवे बूट घरी आले की अंघोळीच्या वेळी घालायचे. लग्नासाठी एका मुलीशी फोनवर बोलताना त्याने तिला विचारलं होतं, "तुला एकदम राग, भूक आणि झोप आली तर आधी काय करशील?" ती मुलगी हुशार होती. तिने आधी फोन ठेवला.

त्याचा आणखी एक नाद म्हणजे कागद. सांगलीहून कुणी आलं की बॅगेतून चटण्या, मेतकूट, पापड येत, आणि त्या पुड्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असत. चटणी आम्ही खायचो. कागद तो घ्यायचा. मेतकुटाचा वास येणारे, तेलाने पारदर्शक झालेले ते कागद तो चक्क इस्त्री करून गादीखाली ठेवायचा. ही एकदा चिडून म्हणाली, "अरे, ही काय संपत्ती आहे?" तेव्हा म्हणाला, "ताई, चटणी संपते. बातमी राहते." आमच्या घरात इस्त्री केलेल्या शर्टांना अनेक वर्षं लसणीचा वास येत होता आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या चिनी सहकाऱ्याला तो फार आवडायचा, एवढंच त्या प्रकाराचं समर्थन.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे टोप्या. आणि टोप्यांचं कारण, खरं बोलायचं तर, मी. गावातली आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं दर रविवारी मुलांसाठी मराठी शाळा चालवायचो. आधी ती आमच्या गॅरेजमध्ये भरत होती. मुलं थंडीने काकडायची आणि बाराखडीऐवजी शिंका म्हणायची. मग एका चर्चच्या तळघरातला हॉल मिळाला. हॉलच्या चाव्या एका गोऱ्या आजींच्या कमरेला असत, म्हणून मुलं त्यांना चाव्यांच्या आजी म्हणत. मी शाळेचा चिटणीस. दर रविवारी कुलूप उघडून घेण्यासाठी त्यांच्यापुढे उभं राहणं हे माझं काम. फेब्रुवारीत त्या मला म्हणाल्या की उन्हाळ्यापासून रविवारची वेळ एका कराटेच्या वर्गालाही हवी आहे, दोघांपैकी एकालाच देता येईल, आणि त्यांच्या मंडळींचं म्हणणं असं की तुम्ही लोक येता, दार लावून घेता, निघून जाता, आमच्यात कधी मिसळतच नाही. मग म्हणाल्या, "इस्टरच्या सकाळी आमच्या मुलांची घरी केलेल्या टोप्यांची मिरवणूक असते. तुमची मुलं येतील? दुकानातल्या टोप्या नकोत मात्र." इस्टरला मुलांनी फुलं, पिसं, रंगवलेली अंडी, कापसाचे ससे लावून आपापली टोपी सजवायची आणि ती घालून मिरवायचं, अशी इकडची जुनी पद्धत आहे. मला तिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "जरूर. सगळी येतील."

हॉल गेला तर शाळा गेली, हे उघड होतं. गॅरेजमध्ये परत जायला कुणी तयार नव्हतं. माझी सई तेव्हा आठ वर्षांची होती. आठवडाभर आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. त्या रविवारच्या दीड तासात मात्र, बरोबरीच्या मुलांच्या ईर्ष्येने का होईना, तिच्या तोंडून मराठी शब्द पडायचे. ते पडतात का, हे ऐकायला मी बाहेरच्या जिन्यावर बसून राहायचो. पण पालकांपुढे 'मी आपल्या सगळ्यांच्या वतीने हो म्हणून आलो' हे सांगायची वेळ आली तेव्हा मी हजेरीवहीची पानं उलटत बसलो. तेवढ्यात मेहुणाच म्हणाला, "इस्टरला टोप्या करायच्या. मी शिकवतो." सगळ्यांनी गृहीत धरलं की हे याच्याच सुपीक डोक्यातून आलं. नागपूरचे एक गृहस्थ होते, डेटाबेसवाले, स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "काय यार, आपण पोरांना इथे मराठी शिकवायला आणतो का टोप्या करायला? उगाच संडे वाया जाऊन राहिला ना." मी जमिनीवरचा गालिचा पाहत होतो. मेहुणा त्यांना म्हणाला, "तुमच्या घरचं पुरणाचं पातेलं आणा पुढच्या वेळी. तुमच्या मुलाचं डोकं कुकरच्या डब्यात बसणार नाही." गृहस्थ सुखावले की चिडले ते कळलं नाही, पण पातेलं आलं.

कारण मेहुण्याची पद्धत अशी होती: टोपी डोक्याच्या मापाची हवी, आणि जगातल्या प्रत्येक डोक्याच्या मापाचं पातेलं मराठी स्वयंपाकघरात असतं. पुढच्या रविवारी हॉलमध्ये गावातली समस्त भांडी जमली आणि मुलांच्या डोक्यांवर उपडी पडू लागली. "हलव बघू मान. लूज आहे. वरणाचा डबा आण." पहिला अर्धा तास नुसता पातेल्यांचा खणखणाट. मग कणकेची खळ शिजवली. खळीत त्याने हळद घातली, कारण त्याचे वडील पुस्तकं बांधताना कीड लागू नये म्हणून घालत. आणि मग त्याने गादीखालचा खजिना काढला. मुलं बाह्या सरसावून मराठी वर्तमानपत्रांच्या पट्ट्या फाडत होती, पिवळ्या खळीत बुडवत होती आणि उपड्या पातेल्यांवर चिकटवत होती. एकावर एक थर. खाली पुठ्ठ्याची रुंद झालर. "नंतर वर गुलाबी, आकाशी रंग देऊ, फुलं लावू," मेहुणा म्हणाला. मुलांची कोपरं, भुवया आणि एकाचं नाक खळीने माखलं होतं. चटणीच्या वासाने सगळ्यांना भूक लागली होती. सई म्हणाली, "मामा, धिस इज द बेस्ट मराठी शाळा एव्हर." मेहुणा म्हणाला, "मराठीत सांग, मग मानतो." ती पुढची पट्टी खळीत बुडवायला लागली.

एवढा चोख टेस्टर, पण एक गोष्ट तपासायला विसरला. सांगलीत कागद दोन दिवसांत वाळतो. मार्चमधल्या रेडमंडमध्ये कागद वाळत नाही. तिथे टॉवेलही वाळत नाहीत. माणसं पटकन दमट होतात आणि तशीच जूनपर्यंत राहतात. आमच्या गॅरेजमध्ये सगळ्या टोप्या पातेल्यांसकट ओळीने मांडलेल्या होत्या आणि आठवडा उलटला तरी बोट लावलं की दह्यासारख्या दबत होत्या. इकडे घरोघरी पातेली नाहीत. कुकर आहेत तर आतले डबे नाहीत. गावात कुणाकडेही आठवडाभर भात झाला नाही. बायका दुकानात भेटल्या की हिला विचारायच्या, "तुझ्या भावाने आमचं पातेलं कधी सोडायचं ठरवलंय?" मेहुण्याने हेअर ड्रायर लावला, ओव्हनचं दार उघडं ठेवून पाहिलं, एक टोपी गाडीत ठेवून हीटर लावून थेट सिअ‍ॅटलपर्यंत जाऊन आला. टोपी ओलीच. गाडीला मात्र पोळ्यांचा वास सुटला.

इस्टर आठवड्यावर आला तेव्हा त्याला ऑफिसातली टेस्ट लॅब आठवली. शेकडो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालत, आणि त्यांच्या पाठीमागून कोरडी गरम हवा सुटत असे. त्याच शनिवारी दुपारी आम्ही दोघं गाडीत पातेली भरून निघालो. माझ्या मांडीवर नागपूरकरांचं पुरणाचं पातेलं, वर ओली टोपी, आणि काचेवर पाऊस. मला एकदम राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, हे सगळं माझ्यामुळे झालं. आजींना हो मीच म्हणालो होतो. लोक तुला बोलतात आणि मी गप्प बसतो." तो वायपरचा वेग तपासत होता, दोन्ही वेग नापास होते. म्हणाला, "दाजी, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या डोक्यात इस्टर कुठून येणार? मी गुरुवार करतो. नोटीस बोर्डावर टोप्यांच्या मिरवणुकीत आपल्या शाळेचं नाव होतं. आणि तुम्ही गालिच्याकडे बघायला लागलात की समजायचं, कुठेतरी हो म्हणून आलायत." मी विचारलं, "मग माझं नाव का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "त्यात काय टेस्ट करायचं? निकाल सांगलीतच लागला होता." 

लॅबमध्ये कॉम्प्युटरांच्या पाठीमागे आम्ही पातेली मांडली. तासाभरात त्या थंड डोक्याच्या इमारतीत सत्यनारायणाच्या स्वयंपाकासारखा दरवळ पसरला. एक धिप्पाड सिक्युरिटी गार्ड वासाच्या मागावर आला आणि त्या पिवळ्या, वाफाळत्या घुमटांकडे बघत उभा राहिला. "हे काय आहे?" त्याने विचारलं. "टेस्टिंग," मेहुणा म्हणाला. गार्डने एका टोपीला बोट लावून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "याच्या मागची बाजू अजून ओली आहे." मेहुण्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जातीचा माणूस भेटला. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत टोप्या फिरवल्या.

आठवडाभर तिथेच ठेवल्यावर टोप्या खडखडीत वाळल्या, इतक्या की पातेल्यांवरून निघेनात. इस्टरच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात सगळे पालक हताश उभे, आणि नागपूरचे गृहस्थ म्हणत होते, "घ्या. आता पोरगं पातेल्यासकट फिरवा." तेव्हा आमची ही पुढे झाली. एकात एक अडकलेले स्टीलचे पेले सोडवायला आतल्या पेल्यात बर्फ घालतात, तसा तिने पातेल्यात बर्फ भरला, थोडं थांबली, आणि पातेलं उचलून कडेवर एक थाप मारली. टप्प. टोपी ओट्यावर आली. मग टप्प, टप्प, टप्प. पालकांनी टाळ्या वाजवल्या. पण रंग द्यायला वेळ उरला नव्हता. टोप्या तशाच होत्या: हळदीच्या पिवळ्या, त्यावर काळी मराठी अक्षरं. पाडव्याच्या उरलेल्या साखरेच्या गाठी कडेने लावल्या, त्या मुलांनी उभ्याउभ्या खाल्ल्या. मेहुण्याने मात्र चाचणी सोडली नाही. प्रत्येक मुलाने टोपी घालून शिंकायचं, जिना उतरायचा, "हो" आणि "नाही" म्हणायचं, आणि शेवटी हिला मिठी मारायची, कारण, "आज्या मिठी मारतात. डिझाइनने ते गृहीत धरलं पाहिजे." सगळ्या टोप्या पास झाल्या. त्या दिवशी मी त्याला प्रथमच दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या कामाकडे नुसता उभा राहून बघताना पाहिलं.

इस्टरच्या सकाळी पाऊस होताच. चर्चच्या मुलांच्या टोप्यांवर ट्यूलिप होते, पिसं होती, एकीवर तर पिंजऱ्यासकट ससा होता. आमची पिवळी रांग त्यांच्या मागे उभी राहिली. दारापाशी थांबताना झालरींवर पावसाचे शिंतोडे उडाले, हळद थोडी सुटली आणि मुलांच्या कपाळांवर, कानशिलांवर ओघळली. घाणा भरून हळद लावलेल्या नवरा-नवरींची वरात दिसावी, तशी ती दिसत होती. मिरवणूक काही सुरू होईना. मुलं कंटाळली. आणि कंटाळलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर पुढच्या मुलाचं डोकं असतं.

सई नागपूरकरांच्या मुलाच्या मागे होती. ती पुटपुटायला लागली. "पा... णी... पु... र... व... ठा." मग जरा मोठ्याने, "पाणीपुरवठा बंद. गु-रु-वा-री." तिच्या मागच्या मुलीने तिच्या टोपीवरचं ओढून ओढून वाचलं, "कां-दा. आ-वक वा-ढ-ली." तिच्यामागचा ओरडला, "आय गॉट कन्या. कन्या, प्रवास टाळा." रांगभर अक्षरं फुटायला लागली. ज्या मुलांना वर्षभर पुस्तक दाखवलं की पोटात दुखायचं, ती एकमेकांची डोकी धरून, फिरवून, वाकवून बातम्या वाचत होती. "थांब ना, हलू नको, मला पुढचं बघू दे." हे सई म्हणाली. मराठीत. आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यात धाकट्या मुलाच्या टोपीवर बरोबर पुढच्या बाजूला एक जाहिरात आली होती, आणि एक मुलगी ती घसा फोडून वाचत होती, "वर पाहिजे. गोरी, सड-पातळ, गृह-कृत्य-दक्ष. मामा, व्हॉट इज गृहकृत्यदक्ष?" मेहुणा म्हणाला, "टेस्ट न करता दिलेलं सर्टिफिकेट."

चाव्यांच्या आजी कडेला उभ्या होत्या. "ही मुलं काय म्हणताहेत?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोवर नागपूरचे गृहस्थच पुढे सरसावले. "दे आर रीडिंग, मॅम," ते म्हणाले. "आमच्या गावाकडचा पेपर वाचताहेत." मग आजी हॉलभर एकेका मुलाजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, तुझ्या टोपीवर काय लिहिलंय ते मला सांग. पुढच्याच्या टोपीवरचं मागच्याने वाचायचं आणि मग इंग्रजीत सांगायचं. पाणी बंद आहे. कांदा आला आहे. प्रवास करू नका. लोक हसत होते, ट्यूलिपवाल्या मुली आमच्या रांगेत घुसून आपल्यासाठीही काही लिहिलंय का ते विचारत होत्या, आणि मिरवणूक दोन रांगांची एक होऊन हॉलभर फिरली. बक्षीस त्या पिंजऱ्यातल्या सशाला मिळालं. ते बरोबरच होतं. पण शेवटी आजींनी कमरेच्या जुडग्यातून एक चावी सोडवली आणि म्हणाल्या, "दर रविवारी मला हाक मारत जाऊ नका. कराटेवाल्यांना मी शनिवार देते." चावी त्यांनी माझ्यापुढे धरली. त्या वेळी मी आयुष्यातलं पहिलं 'नाही' म्हणालो. "मला नाही," मी म्हणालो, "याला द्या." मेहुण्याने चावी घेतली, दारापाशी गेला, कुलूप तीनदा लावून तीनदा उघडलं, आणि मग खिशात टाकली.

तीनेक वर्षं शाळा त्यानेच उघडली. मग सासूबाईंना एकटं राहणं जमेना, आणि अमेरिकेतली घरं नापास करता करता तो एक दिवस सांगलीच्या घराला पास करून मोकळा झाला. निघायच्या सकाळी तो वाटेत हॉलवर थांबला. नोटीस बोर्डाशेजारच्या खुंटीवर सईची टोपी आजींनी टांगून ठेवली आहे. तिच्यावर त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली.

त्या सकाळी चहा मी केला होता. त्याच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. इतकी वर्षं मनात होतं, पण धीर होत नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात एक घास बिनतक्रार खाल्ला नाही, त्याने तो कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, घाईत कळलं नसेल. विमानतळावर तो रांगेत शिरला, थोडा पुढे गेला, आणि दोरी ओलांडून परत आला. माझ्या हातात त्याने हॉलची चावी ठेवली. "दाजी, रविवारी आता तुम्ही उघडायचं. गालिच्याकडे बघू नका, मुलांकडे बघा." मग जाता जाता वळून म्हणाला, "आणि मीठ थोडं कमी चाललं असतं."

परवाच्या रविवारी मी पोचलो तेव्हा मुलं पावसात दारापाशी उभी होती. मी कुलूप उघडलं. मग पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं. "काका, व्हाय?" एका नव्या मुलाने विचारलं. सई त्याला म्हणाली, "तसंच करायचं असतं."